शंभराव्या पानावर अडलेल्या वाचकाला

पत्र थोडक्यात: शाळेच्या वयापासून रहस्यकथा वाचत आलेल्या एका वाचकाने उम्बेर्तो इको यांची 'द नेम ऑफ द रोज' ही कादंबरी इंग्रजी अनुवादातून वाचायला घेतली. पुस्तक पाचशे पानांचं. दीड महिन्यात कसाबसा त्यातला 'पहिला दिवस' संपला, म्हणजे शंभरेक पानं. बर्फातल्या खुणांवरून न पाहिलेल्या घोड्याचं वर्णन करणारा नायक त्यांना फार आवडला. कुणालाही आत न सोडणारं ते ग्रंथालय डोक्यातून जात नाही. पण चर्चच्या दाराचं पानंच्या पानं वर्णन, मध्येच येणारं लॅटिन, पोप आणि पाखंडी यांची नावं, यांनी जीव मेटाकुटीला आला. मित्र म्हणतो, 'सरळ सिनेमा बघ.' तीन आठवड्यांनी वाचनकट्ट्यावर याच पुस्तकावर चर्चा आहे. त्यांचा प्रश्न असा: पुस्तक सोडून द्यावं, पानं गाळत वाचावं, की नेटाने पुढे जावं? आवडलं की नाही हेच सांगता येत नाही, म्हणजे वाचक म्हणून आपणच कमी पडतोय का? जाता जाता त्यांनी हेही विचारलंय, की या पुस्तकात गुलाब आहे कुठे?

प्रिय वाचक,

आधी एक तातडीची गोष्ट. तुम्ही पहिला दिवस संपवून थांबलात. या पुस्तकात थांबायला याहून गैरसोयीची जागा नाही. दुसऱ्या दिवसाचं पहिलंच प्रकरण 'मॅटिन्स'चं, म्हणजे पहाटे अडीच-तीनच्या प्रार्थनेचं. मठातले सगळे अंधारात स्तोत्रं म्हणत बसलेले असतात आणि त्या प्रार्थनेत व्यत्यय येतो. काय व्यत्यय ते सांगत नाही, या उत्तरात कुठेच रहस्य फोडणार नाही. पण तेवढं प्रकरण आज वाचा. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल.

आता तुमच्या मुख्य तक्रारीकडे. पहिली शंभर पानं जड गेली, याचा दोष तुम्ही स्वतःकडे घेतलाय. पण ती जड आहेत हे खुद्द लेखकाला माहीत होतं. कादंबरी १९८० साली इटालियनमध्ये आली. नंतर इको यांनी तिच्यावर एक छोटं टिपण लिहिलं. त्यात त्यांनी सांगितलंय, की मित्रांनी आणि संपादकांनी पहिली शंभर पानं कमी करा असं सुचवलं होतं. त्यांनी ते मानलं नाही. ज्याला त्या मठात सात दिवस राहायचंय त्याने मठाची चाल स्वीकारली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. डोंगर चढणाऱ्याने सुरुवातीलाच श्वासाची लय बसवावी लागते, तसं. ज्याला ते नको असेल त्याने पायथ्याशी राहावं, इतकं स्पष्ट. म्हणजे दम लागला यात तुमची उणीव नाही. चढच तसा ठेवलेला आहे. तो चढायचा की नाही हे ठरवायचा हक्क मात्र पूर्ण तुमचा.

तुमच्या पत्रात एक गृहीतक आहे, ते जरा तपासून बघू. तुम्ही लिहिता की 'रहस्य सुरू झालं की मध्येच धर्माची चर्चा येते आणि गोष्ट थांबते.' म्हणजे खून ही गोष्ट आणि बाकीची भर. शंभर पानांच्या रहस्यकथेत हे बरोबरच असतं: खून, संशयित, धागा, उलगडा. इथे मात्र ती चर्चाच गोष्टीचं घड्याळ आहे. हे कळायला दोन परिच्छेदांचा इतिहास लागतो. तो कादंबरीत विखरून येतो आणि नेमका तिथेच नवा वाचक गोंधळतो, म्हणून एका जागी सांगतो.

साल १३२७, नोव्हेंबरअखेर. उत्तर इटलीतल्या डोंगरावरचा बेनेडिक्टिन पंथाचा एक श्रीमंत मठ. (ज्ञानेश्वरी लिहून ३७ वर्षं झाली होती आणि दिल्लीचा मुहम्मद तुघलक त्याच सुमारास देवगिरीचं दौलताबाद करून राजधानी हलवत होता. काळ मनात बसायला हे दोन खुंटे पुरे.) पोप बाविसावा जॉन तेव्हा रोमला नसून फ्रान्सच्या बाजूला आव्हिन्योंला होता. त्याचं आणि बव्हेरियाच्या लुईचं, म्हणजे सम्राटाचं, हाडवैर. भांडणाचा एक मोठा मुद्दा अपरिग्रहाचा होता. फ्रान्सिस्कन पंथाचे लोक म्हणत, येशूच्या आणि त्याच्या शिष्यांच्या मालकीचं काहीच नव्हतं, ना एकेकट्याचं ना सगळ्यांचं मिळून. १३२२ साली पेरुजाच्या सभेत पंथाने तसं जाहीर केलं. १३२३ साली पोपने हे मत पाखंड ठरवलं. कारण उघड आहे. प्रभूकडेच काही नव्हतं, तर त्याच्या नावाने चालणाऱ्या चर्चकडे जमिनी, सोनं आणि सत्ता कशी, हा प्रश्न लगेच येतो. आणि सम्राटाला हवा होता नेमका तोच प्रश्न.

या दोन बाजूंची बोलणी त्या मठात व्हायची आहेत. घोड्याचं वर्णन करणारा तुमचा आवडता नायक विल्यम हा मुळात त्या बोलण्यांसाठी आलेला मध्यस्थ. पोथ्यांच्या समासात चित्रं काढणारा एक तरुण कड्याखाली मेलेला सापडतो आणि मठाधिपती त्याचा शोध विल्यमवर सोपवतो. अट एकच: पाहुणे येण्याआधी उलगडा व्हायला हवा. पाहुणे येतात चौथ्या दिवशी. तोवर काही हाती लागलं नाही, तर पोपच्या बाजूने येणारा बेर्नार गी सूत्रं हातात घेणार. हा इतिहासातला खरा माणूस, तुलूझचा धर्मचौकशी अधिकारी. असे लोक चौकशी कशी करत हे गोव्याचा इतिहास वाचलेल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. फक्त गोव्यातलं इन्क्विझिशन पोर्तुगीजांचं आणि दोनशेहून अधिक वर्षांनंतरचं, १५६० चं. आता अपरिग्रहाची चर्चा आली की 'कथा थांबली' असं वाटून घेऊ नका. चौथा दिवस जवळ येतोय, एवढं मनात धरा आणि वाचा. तीच पानं वेगळी लागतात.

दुसरी अडचण वेळेची. प्रकरणांना मॅटिन्स, लॉड्स, प्राइम अशी नावं आहेत आणि ती वाचकाला सारखी अडखळवतात. सुरुवातीच्या टिपेत त्यांचे अंदाजे तास दिलेत, पण ती टीप सगळे उलटून पुढे जातात. एका चिठ्ठीवर उतरवून घ्या: मॅटिन्स पहाटे अडीच ते तीन. लॉड्स पाच ते सहा. प्राइम साडेसातच्या सुमारास. टर्स नऊ. सेक्स्ट दुपारी बारा. नोन्स दोन ते तीन. व्हेस्पर्स साडेचार, सूर्य मावळताना. कॉम्प्लिन सहाच्या सुमारास, आणि सातच्या आत सगळे अंथरुणात. आपल्या आठ प्रहरांसारखीच ही आठ वेळांची बांधणी आहे. मॅटिन्स म्हणजे काकडआरतीच्याही आधीची वेळ आणि कॉम्प्लिन म्हणजे शेजारती, एवढं लक्षात ठेवलं तरी भागतं. शेजारतीनंतर जो कुणी बाहेर फिरताना दिसेल तो नियम मोडतोय. या पुस्तकात ते फार महत्त्वाचं आहे.

याच चिठ्ठीच्या मागे नावं लिहा. बारापेक्षा जास्त नकोत. चार कप्पे करा. पोपकडचे: बाविसावा जॉन, बेर्नार गी. सम्राटाकडून: विल्यम. फ्रान्सिस्कन: पंथप्रमुख चेझेनाचा मायकेल आणि म्हातारा उबेर्तीनो. (विल्यमही त्याच पंथाचा, म्हणून त्याच्या नावापुढे बाण काढा.) मठातले: मठाधिपती, ग्रंथपाल, त्याचा मदतनीस, औषधी वनस्पतींचा जाणकार सेवेरिनुस, कोठारी रेमिजिओ, आणि अनेक भाषांची भेळ करून बोलणारा साल्वातोरे. बाजूला एकच नाव मोठ्या अक्षरात: दोल्चिनो. हा पात्र म्हणून येत नाही. कथेच्या वीस वर्षं आधी, १३०७ साली, त्याला मारून टाकलेलं आहे. गरिबीच्या नावाने त्याने हत्यार उचललं होतं. मठातल्या काही जणांना त्याचं नाव काढलं की घाम का फुटतो, हे बघत राहा. बाकी जी पन्नास नावं येतील ती वाऱ्यासारखी जाऊ द्या.

लॅटिनचं सोपं आहे. कीर्तनात बुवा संस्कृत श्लोक म्हणतात तेव्हा समोरचा प्रत्येक जण तो उलगडून घेत नाही. बुवा नंतर सांगतात त्यात काम भागतं. इथेही बहुतेकदा पुढच्या दोन-तीन ओळींत आशय येतो. कधी कधी येत नाही, हेही खरं. तिथे अडून बसू नका. एका बैठकीत दोनपेक्षा जास्त वेळा मोबाईलवर अर्थ शोधायचा नाही, असा नियम करा. तिसऱ्यांदा मोबाईल हातात घेतला की मठ गेलाच म्हणून समजा. साल्वातोरेचं बोलणं मात्र डोळ्यांनी वाचू नका, पुटपुटत वाचा. कानाला ते पटकन कळतं.

आता ते दार. पहिल्या दिवशीच्या सेक्स्टला आद्सो, म्हणजे गोष्ट सांगणारा तरुण शिष्य, चर्चच्या दारावरचं कोरीवकाम बघतो आणि वर्णन संपता संपत नाही. बहुतेक जण इथेच पुस्तक मिटतात. यावर एक उपाय आहे. फ्रान्समधल्या म्वासाक गावच्या सेंट पीटर मठाचं दक्षिणद्वार इंटरनेटवर पाहा. वर्णन त्या धाटणीचं आहे. कमानीच्या मधोमध सिंहासनावर बसलेला ख्रिस्त, भोवती चार प्राणी, आणि खाली-बाजूला मुकुट घातलेले चोवीस वृद्ध, माना वर करून, काहींच्या तर अंगालाच पीळ पडलेला, सगळ्यांची नजर मधोमध. पाच मिनिटं ते चित्र नुसतं बघा आणि मग ती पानं पुन्हा वाचा. आद्सो दाराची यादी देत नाहीये, तो घाबरलाय, हे लगेच जाणवेल. जगबुडीच्या त्या चित्रांची भीती पुढे सातही दिवस मठातल्या माणसांच्या डोक्यात आहे, म्हणून ती पानं तिथे आहेत.

पण संथपणा सगळीकडे सारखा नाही, आणि सगळा तितकाच गरजेचाही नाही. म्हणून गाळण्याबद्दल स्पष्टच बोलू. पानं गाळणं ही फसवणूक नाही. फक्त कुठे गाळायचं ते माहीत हवं, कारण हा लेखक महत्त्वाच्या गोष्टी कंटाळवाण्या दिसणाऱ्या जागी ठेवतो.

तिसऱ्या दिवशी 'कॉम्प्लिननंतर' या प्रकरणात उबेर्तीनो आद्सोला दोल्चिनोची सगळी हकिगत सांगतो. ती भरभर वाचली तरी चालेल. तिथे खरोखर प्रमाणाबाहेर माहिती कोंबलीय, आणि हा दोष मी पुस्तकाच्याच पदरात टाकेन. पण प्रकरण मध्येच सोडून पुढच्यावर उडी मारू नका! त्याच्या उत्तरार्धात आद्सोच्या आयुष्यातली सर्वांत मोठी घटना घडते. पाचव्या दिवशीची प्राइम म्हणजे प्रत्यक्ष वादसभा. कोण कोणतं वचन काढतो ते विसरा, विद्वान माणसं एकमेकांच्या अंगावर जाईपर्यंत पोचतात कशी तेवढं बघा. पुढचं टर्सचं प्रकरण मात्र शब्दन् शब्द वाचा. सहाव्या दिवशी आद्सोला पडणारं स्वप्न लांबलचक, ओंगळ आणि निरर्थक वाटतं, हात आपोआप पान उलटायला जातो. ते वाचाच. ते ऐकून विल्यम काय म्हणतो यावर पुढचा रस्ता उघडतो. आणि एक मागचं: पहिल्या दिवशी नोन्सनंतर लेखनशाळेत हसण्यावरून जो वाद होतो, तो तुम्ही बहुधा चटकन ओलांडला असेल. परत जाऊन वाचा.

मग ही संथ चाल लेखकाने किती मोजून ठेवली होती, तेही ऐका. इको बोलोन्याच्या विद्यापीठात चिन्हशास्त्र शिकवायचे. मठाचे नकाशे त्यांनी आधी आखले होते. भोजनगृहापासून ओवऱ्यांपर्यंत दोन पात्रं चालत बोलत असतील, तर तेवढं अंतर संपताच त्यांचं बोलणं संपवायचं, इतका हिशोब. नोव्हेंबरच का? तर डुकरं थंडी पडल्यावर कापतात आणि कथेला त्याची गरज होती. (कशाला, ते आज मॅटिन्सला कळेल.) पण चेझेनाचा मायकेल डिसेंबरमध्ये प्रत्यक्षात आव्हिन्योंला पोचलेला होता. मग नोव्हेंबरातच थंडी पडायला हवी, म्हणून मठ उंच डोंगरावर नेला. हे कळलं की पुस्तकाच्या सुरुवातीचा मठाचा नकाशा शोभेचा वाटत नाही. त्याची झेरॉक्स काढून जवळ ठेवा आणि कोण कुठून कुठे गेलं ते पेन्सिलीने आखा. तिसऱ्या दिवशी विल्यम ग्रंथालयाच्या आत न जाता, नुसती बाहेरून खिडक्या-बुरुजांची मोजदाद करून आतल्या खोल्यांची संख्या काढतो: ५६. त्यातल्या चार सात कोनांच्या. कोरा कागद घेऊन त्याच्याबरोबर तुम्हीही मांडून बघा. घोड्याचा प्रसंग आवडणाऱ्या वाचकाला यात नक्की रमायला होईल. ग्रंथालयाचा तयार आराखडा पुढे छापलेला आहे, तो आधी शोधू नका.

'पुढे जावं की सोडावं' याचा निर्णय आत्ता घेऊच नका, तो दुसऱ्या दिवसाच्या शेवटी घ्या. त्या रात्री विल्यम आणि आद्सो पहिल्यांदा ग्रंथालयाच्या भुलभुलैयात शिरतात. तिथवर सत्तरेक पानं आहेत. दाट मजकुराला तासाला वीस-पंचवीस पानांची गती धरली, तर तीन-चार बैठका. ती रात्र वाचूनही आत जायची ओढ वाटली नाही, तर पुस्तक खुशाल ठेवून द्या, मनाला लावून घेऊ नका. त्यापुढे ते तुम्हाला वेगळं काही देणार नाही. ओढ वाटली, तर उरलेल्या पानांना रोज वीस हा हिशोब कट्ट्याच्या दिवसापर्यंत बरोबर बसतो. प्रकरणाच्या मध्ये थांबू नका, प्रार्थनेची वेळ संपली की थांबा. आणि शक्यतो झोपताना वाचू नका. दमलेल्या डोळ्यांना या पुस्तकातली लांब वाक्यं झेपत नाहीत आणि दोष पुस्तकाला जातो. पहाटे किंवा सुटीच्या दुपारी तास काढा.

हे फक्त या एका कादंबरीपुरतं नाही. कुठलीही संथ ऐतिहासिक रहस्यकादंबरी घ्या: आधी काळ मनात पक्का करायचा, नावांची चिठ्ठी करायची, काळाची बांधणी समजून घ्यायची, आणि सोडण्याची जागा आधीच ठरवायची, म्हणजे रोज रात्री नव्याने घालमेल होत नाही.

राहिला तो सगळ्यांत नाजूक प्रश्न, की आवडलं की नाही हे सांगता येत नाही. ते का सांगता आलं पाहिजे? ग्रंथालय डोक्यातून जात नाही आणि दाराचं वर्णन सोसवत नाही, ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. त्यांची सरासरी काढून 'ठीक आहे' म्हटलंत, तर दोन्ही खोटी पडतील. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळा या सांकेतिक लिपीत बांधून ठेवले होते, हे आपण जाणतो. ग्रंथ जपणं कुठे संपतं आणि दडवणं कुठे सुरू होतं, हा प्रश्न तुम्हाला शंभर पानांतच टोचायला लागलाय, आणि कादंबरीचा गाभा तोच आहे. तेव्हा वाचक म्हणून तुम्ही कमी पडला नाहीत. तुमची नाराजीही कट्ट्यावर बोलून दाखवण्यासारखी आहे. आणखी एक सांगतो: पुढे या पुस्तकात एकच स्त्री ठळकपणे येते आणि तिला नावही दिलेलं नाही. आद्सोच्या नजरेतून ते पटतं, तरी खटकतं. खटकलं तर तसं म्हणा. कट्ट्यावर जाताना दोन खुणा घालून जा, एक जिथे खिळलात तिथे आणि एक जिथे वैतागलात तिथे. दोन्हीकडची अर्धी-अर्धी पानं मोठ्याने वाचून दाखवा. चर्चा आपोआप रंगेल.

मित्राला सांगा, सिनेमा बघणारच, पण पुस्तक झाल्यावर. १९८६ सालचा, सीन कॉनरी विल्यमच्या भूमिकेत. मठ आणि चेहरे त्यात अप्रतिम उभे केलेत. पण शेवट बदललाय, आणि उलगडाही आधीच कळून जाईल.

आणि गुलाब? शोधू नका, सापडणार नाही. गुलाबाला आजवर इतके अर्थ चिकटलेत की त्याचा स्वतःचा असा अर्थच जवळपास उरलेला नाही, म्हणून हे नाव आवडलं, असं इको यांनी लिहिलंय. वाचकाने नावावरून काही ठरवूनच आत येऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती. कादंबरीची शेवटची ओळ लॅटिनमध्ये आहे आणि गुलाब तिथे येतो. मोबाईलवर अर्थ शोधायची दोन वेळांची मुभा त्या दिवशी तिच्यासाठी राखून ठेवा.